पॅसेजमधले वीस अंश

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सात. पॅसेजमध्ये वीस अंश. बाहेर उणे चार.

ही लेकीकडे जाऊन आज सहा आठवडे झाले. दवाखान्यातून सुटली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस उबेत ठेवा, छातीत पुन्हा कफ धरता कामा नये. लेक तिथल्या तिथे म्हणाली, "आई माझ्याकडे राहील." मी म्हटलं, राहू दे. पंधराचे बेचाळीस झाले.

आज फोनवर सरळ विचारलं, "कधी येतेस?"

"बघू," ही म्हणाली.

पस्तीस वर्षांच्या संसारात "बघू" हा माझा शब्द. हिने तो कधी उचलला कोण जाणे.

मग लेकीने फोन घेतला. "बाबा, त्या घरात आईला थंडी वाजते."

"घरात वीस अंश आहेत. वीस अंशांत थंडी वाजत नाही. वाजल्यासारखी वाटते."

लेक म्हणाली, "जेवायला काय केलंत?" विषय तो नव्हता.

एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. बाजारात मला काटेसाहेब म्हणत, आणि मागे नाही, तोंडावर. किराणावाल्याचा तराजू, कोळशाच्या वखारीचा काटा, औषधवाल्याची नखाएवढी वजनं, सगळं माझ्या हाताखालून गेलं. माणूस कुरकुरतो, रुसतो, आज एक नि उद्या दुसरंच म्हणतो. आकडा कुरकुरत नाही.

तरीही एक ठरवलंय. जुना थर्मोस्टॅट काढून नवा बसवायचा. आता फोनवरून चालणारे मिळतात म्हणे, बसल्या जागी ऊब कमी-जास्त करता येते. तो हिच्या फोनला जोडून देईन. घराची ऊब हिच्या हातात! हे ऐकल्यावर येईल. लेकीला अजून सांगितलेलं नाही. आधी काम, मग बोलणं.

१४ जानेवारी, मंगळवार

पॅसेजमध्ये वीस.

नवा थर्मोस्टॅट आला. तळहाताएवढी पांढरी चकती, मधोमध आकडा. पुस्तिका अकरा भाषांत आहे, एकीतही धड लिहिलेली नाही.

जुना मी स्वतः बसवला होता, बावीस वर्षांपूर्वी, हे घर घेतलं त्याच वर्षी. गवंडी भोक कुठेही पाडेल म्हणून भोकसुद्धा मीच पाडलं. तळघरातल्या बॉयलरपासून केबल वर ओढून घेतली, पाणसळ लावून डबी केसभरही तिरकी राहणार नाही अशी बसवली. तिच्यावर पारदर्शक झाकण आहे, कुलपाचं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, येता-जाता काटा वर सरकवायची. कुलूप तिच्यासाठी होतं. किल्ली माझ्या जुडग्यात. तिचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, कुलूप काढायचं मात्र राहून गेलं.

आज काढलं. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन उमटलाय.

१५ जानेवारी, बुधवार

पॅसेजमध्ये वीस.

मागची खोली आवरली. ही तिथे पुस्तकं बांधते. वाचनालयातली उसवलेली, पानं सुटलेली पुस्तकं येतात, ही ती शिवते, पुठ्ठा चढवते, परत पाठवते. वीस वर्षं तरी करते आहे. बांधून झालेली सात पुस्तकं कपाटात तशीच होती, ती वाचनालयात पोचवावी म्हटलं. (मागच्या खोलीत जायचं तर मी कोट घालूनच जातो. सवय आहे.)

ग्रंथपालबाईंनी पुस्तकं उलटीसुलटी करून पाहिली. एकावरून बोट फिरवत म्हणाल्या, "यांच्या हाताला तोड नाही."

"पुढची असतील तर द्या. घेऊन जातो."

त्या जरा घुटमळल्या. "पुढची तिकडे पाठवली आम्ही. बाईंनी पत्ता बदलून दिलाय ना."

"तात्पुरता," मी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या आणि शिक्का शोधू लागल्या. शिक्का समोरच होता.

पत्ता बदलला हे बरंच केलं. नाहीतर आजारपणात काम खोळंबलं असतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मेन स्विच बंद करा, असं पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय. मी वाचलं. चोवीस व्होल्टच्या वायरीने कुणी मेल्याचं ऐकलेलं नाही, म्हणून पुढचं पान उलटलं.

जुन्या डबीला दोनच वायरी होत्या, लाल आणि पांढरी. नव्याला तिसरी लागते, कारण त्याला स्वतःला जागं राहायला सतत वीज हवी. केबलमध्ये एक निळी वायर न वापरता गुंडाळून ठेवलेली सापडली. बावीस वर्षांपूर्वी मीच ठेवली होती, पुढेमागे लागेल म्हणून. स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक करत तळघरात गेलो, तिचं खालचं टोक बॉयलरच्या बोर्डाला जोडलं. मेन स्विच तिथे हाताच्या अंतरावर होता. तरी बंद केला नाही.

वर येऊन निळीचं टोक सोलत होतो. पकड सटकली. ती लालला लागली.

टक्. टिचकी मारल्याएवढा आवाज. मग खालची घरघर थांबली. ही घरघर घरात आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं. ती बंद पडल्यावर ऐकू आली.

१८ जानेवारी, शनिवार

पॅसेजमध्ये अकरा. (खात्याने दिलेल्या थर्मामीटरने. भिंतीवर आता नुसतं भोक आहे.)

दुरुस्तीच्या कंपनीला फोन केला. गुरुवारच्या आधी माणूस नाही. मी म्हटलं, मी निवृत्त सरकारी निरीक्षक आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, "हो काका, पण गुरुवार."

लेकीचा फोन.

"बाबा, आवाज का कापतोय?"

"रेंज नाही."

दोन स्वेटर, कोट आणि हिची शाल. शालीला औषधाचा वास येतोय.

१९ जानेवारी, रविवार

पॅसेजमध्ये नऊ. आज लेकीने पुन्हा खोदून विचारलं तेव्हा सांगून टाकलं. रागावेल वाटलं होतं. ती म्हणाली, "मामाला बोलवा."

मामा म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. घरांचे बॉयलर आणि हीटर दुरुस्त करायचाच त्याचा धंदा आहे, गावात त्याच्या तीन गाड्या फिरतात. अठरा वर्षांत तो आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. बहिणीला न्यायला-आणायला येतो, गाडीतूनच हॉर्न देतो. आमचं तेव्हा काहीतरी बिनसलं होतं. काय ते आता नीट आठवतही नाही.

२० जानेवारी, सोमवार

काल लिहिलं ते खोटं आहे. डायरीशी खोटं बोलून कुणाला फसवणार?

चांगलं आठवतं. लेकीचा पंधरावा वाढदिवस होता, घरात पंधरा-वीस माणसं. मेहुणा नुकताच कामाला लागला होता. पॅसेजमध्ये उभा राहून, हातातला चहा सांभाळत, तो बिचकतच म्हणाला, "भाऊजी, रागावू नका, पण याची जागा चुकलीय. या भिंतीतून बहुतेक पाइप जातो. इथे नसतो लावायचा."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जो तीन वेळा परीक्षेत आपटला, त्याने मला मापं शिकवू नयेत."

दोघं-तिघं हसले. ही स्वयंपाकघराच्या दारात होती. हसली नाही.

आज फोन केला. वाटलं होतं तो विचारेल, आज बरी आठवण झाली. "उद्या सकाळी येतो," एवढंच म्हणाला. काय झालं, कशाने झालं, काही नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मेहुणा आठाला आला. केस पार पिकलेत. दारात बूट काढले, "भाऊजी" म्हणाला आणि तळघरात उतरला. मी मागोमाग.

"मेन बंद केला होतात?"

मी बोर्डाकडे बघत राहिलो.

"बरं," तो म्हणाला.

बोर्डावरचा एक चपटा फ्यूज काढून त्याने उजेडात धरला. आतली तार काळी पडली होती. दुसरा घातला. वर येऊन लाल आणि पांढरी वायर तात्पुरती एकमेकींना जोडली, पाणी सगळीकडे फिरतंय का बघायला. खालची घरघर सुरू झाली. अर्धा तास तो खोल्याखोल्यांतून फिरला, रेडिएटरवर हात ठेवून. मग वायरींची टोकं कापून नव्याने सोलली, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली. इतकं स्वच्छ काम मी माझ्या खात्यातही फार कमी पाहिलं. तसं म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

चकती भिंतीवर दाबणार तोच तो थांबला. तळहात भोकासमोर धरला. बराच वेळ.

"भाऊजी, हात आणा जरा."

मी हात धरला. भोकातून गरम हवा येत होती. कुणीतरी तळहातावर सावकाश श्वास सोडत असावं, तशी.

"पाइप आहे मागे," तो म्हणाला. "तो तापला की भिंतीच्या पोकळीतली हवा तापते. ती या भोकातून डबीत शिरते. डबीला वाटतं, झालं घर गरम. लगेच बॉयलर बंद. खोल्या राहतात तशाच."

त्याने मागच्या खोलीकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघितलं.

म्हटलं, "हे मी असं मानणार नाही. घर चार दिवस थिजलंय, आज काहीही मोजलं तरी खोटं निघेल. जुनी डबी होती तशी लाव. दोन दिवस चालू दे. मग मोजतो."

मेहुणा माझ्याकडे बघत राहिला. त्याला हसू येत होतं की कीव, कळलं नाही. त्याने जुनी डबी पुन्हा चढवली. पाणसळसुद्धा लावली.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी सात. पॅसेजमध्ये, डबीवर, वीस.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेला थर्मामीटर काढला. प्रमाणित आहे, सोबत दाखला आहे. पॅसेजच्या मधोमध, भिंतीपासून हातभर लांब, सतरा.

मागच्या खोलीत हिच्या टेबलावर ठेवला. वीस मिनिटं थांबलो. साडेतेरा.

जागा बदलली. खुर्चीवर, ही बसते तिथे. साडेतेरा. खिडकीपाशी साडेबारा. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. डबीवर प्रत्येक वेळी वीस.

खात्यात असताना एका वखारवाल्याचा काटा मी पकडला होता. शंभरात तीन किलोंची चूक. वखार बंद करायला लावली मी, त्याची बायको ऑफिसात येऊन रडली तरी. इथे वीसमध्ये साडेसहाची चूक. कुणी बसवला होता हा काटा? तपासून पास कुणी केला? दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे दिवाच मी होतो.

हिच्या खुर्चीवर बसून राहिलो. ही काम करताना अधूनमधून उठून स्वयंपाकघरात यायची आणि किटलीला बोटं लावून उभी राहायची. एकदा मी मोजलं होतं, दिवसात अकरा वेळा. म्हणालो होतो, "कामात लक्ष नाही तुझं." ती परत जाऊन कामाला लागली होती.

अकरा मी मोजले. ती का उठते, ते मोजायचं राहिलं.

यंदा छातीत कफ झाला. गेल्या वर्षीही झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी तर दोनदा. डॉक्टर विचारायचे, घर गार आहे का? उत्तर मी द्यायचो.

२४ जानेवारी, शुक्रवार

लेकीकडे गेलो. बसने दीड तास लागतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो, पोचेपर्यंत एकही उरलं नाही.

हिला तिथे खिडकीजवळ टेबल दिलंय. पुस्तकांच्या थप्प्या. ही एक जाड पुस्तक शिवत होती. बाह्या वर सारलेल्या. हिचे कोपरापर्यंतचे हात मी हिवाळ्यात कधी पाहिले नव्हते.

"मागच्या खोलीत साडेतेरा अंश आहेत," मी म्हटलं. दुसरी काही सुरुवात सुचली नाही.

ही सुईत दोरा ओवत होती. "हो."

"गेली बावीस वर्षं असणार."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा तेरा दाखवत होता."

"कोण?"

हिने सुई खाली ठेवली. "थर्मामीटर. लाकडी पट्टीवर बसवलेला, स्टेशनरीच्या दुकानातून आणला होता मी. लेक शाळेत होती तेव्हा. तुम्हाला हाताला धरून आत नेऊन दाखवला. तुम्ही म्हणालात, दुकानातल्या वस्तूचा काय भरवसा, आणि तपासायला ऑफिसात नेलात."

मला आठवेना.

"संध्याकाळी येऊन म्हणालात, अर्धा अंश कमी दाखवतो. मी म्हटलं, बरं, तेरा नाही तर साडेतेरा धरा. तुम्ही म्हणालात, खोट्या मापाला आकडाच नसतो." ही किंचित हसली. "परत आणलाच नाहीत तो."

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं.

"मग पुन्हा का नाही म्हणालीस?"

"काय दाखवून म्हणू?"

लेक दारात चहा घेऊन उभी होती. ती तशीच मागे फिरली.

मी म्हटलं, नवा थर्मोस्टॅट आणलाय. आता तो मागच्या खोलीतच बसवू. भोक बुजवू. तुझ्या फोनवर देतो, हवी तेवढी ऊब ठेव, पंचवीस ठेव, मी हात लावणार नाही. भराभरा बोलत गेलो. ही ऐकत होती, म्हणजे माझ्याकडे बघत होती.

"बसवा," ही म्हणाली. "तुम्हालाही थंडी वाजतच असेल."

"आणि तू?"

"मी इथे बरी आहे."

"थंडी संपेपर्यंत ना?"

हिने पुस्तक पुढे ओढलं. "माझा शिकंजा तेवढा पाठवा. इथे विटा ठेवून पुस्तकं दाबतेय. भावाला सांगा, त्याच्या गाडीत मावेल."

'बघू' म्हणाली असती तरी चाललं असतं.

परतीच्या बसमध्ये आठवलं. लाकडी पट्टी, लाल रेघ, वरच्या टोकाला टांगायला पितळी कडी. अर्ध्या अंशाची चूक माझ्या हाताने नोंदवून मी तो जप्त मापांच्या पेटीत टाकला होता. तिथे दर तीन महिन्यांनी सगळं हातोड्याने फोडतात.

२६ जानेवारी, रविवार

मेहुणा आला. भिंतीतलं भोक पुट्टी भरून बुजवलं. केबल मागच्या खोलीपर्यंत नेली, चकती आतल्या भिंतीवर, टेबलाच्या उंचीला लावली. या वेळी तो म्हणायच्या आत मी मेन स्विच बंद करून आलो.

एकवीसवर ठेवला. तासाभराने बॉयलर थांबला. टेबलावर मोजलं, एकवीस. खिडकीपाशी वीस.

मेहुणा हत्यारं पेटीत भरत होता. मी म्हटलं, "अठरा वर्षांपूर्वी मी तुला चारचौघांत..."

"तीनदा नापास झालो होतो, ते खरंच होतं भाऊजी," तो म्हणाला. पेटीची कडी लावली. "पण पाइपही तिथेच होता."

"तू नंतर तिला सांगितलं होतंस?"

"ताईला? तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, भाऊजी नसताना येतो, दहा मिनिटांचं काम आहे, कळणारही नाही त्यांना." तो बूट घालायला वाकला. "नको म्हणाली. म्हणाली, त्यांच्या पाठीमागे काही नको. कधीतरी त्यांचं त्यांनाच दिसेल."

तो गेल्यावर त्या खोलीत गेलो. कोट घातला होता. पाच मिनिटांत काढावा लागला.

१ फेब्रुवारी, शनिवार

शिकंजा हलवला. ओतीव लोखंडाचा, दोघांना जेमतेम उचलतो. खाली फरशीवर चार पायांचे चार खड्डे राहिले. त्याच्याबरोबर पुठ्ठ्यांचा गठ्ठा, कापायची सुरी, दोऱ्यांची रिळं. ही स्वतः येईल असं वाटलं होतं, म्हणून खोली झाडून ठेवली होती. आली नाही. मेहुण्याकडे यादी दिली होती. यादीच्या खाली लिहिलं होतं, "हिवाळी कपडे, सगळे. उन्हाळी पण."

कपाटाचा हिचा अर्धा भाग रिकामा केला. एकेक घडी मेहुण्याच्या हातात देत होतो. तो घेत होता आणि दुसरीकडे बघत होता.

संध्याकाळी मीच फोन केला. पोचलं का सगळं, विचारलं. पोचलं म्हणाली. मग काय बोलावं कळेना. मी म्हटलं, "माझं चुकलं." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. रेंज गेली असं वाटलं.

"ऐकलं मी," ही म्हणाली.

मी विचारलं, "दर रविवारी येत जाऊ का तिकडे?"

"या." मग थोड्या वेळाने, "पण काही तपासू नका."

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो. लेकीने दार उघडलं, कोट माझ्याकडून काढून घेतला. जावयाने बातम्यांचा आवाज कमी केला. सगळे माझ्याशी जरा जास्तच चांगलं वागत होते, आजाऱ्याशी वागतात तसं.

हिने एक जुना नकाशांचा ग्रंथ काढला होता, कणा सुटलेला. शिकंज्यात दुसरं पुस्तक अडकलेलं. खळ लावून झाल्यावर हिने इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, हे धरता का? दोन्ही हातांनी. घट्ट धरा, पण दाबू नका."

धरलं. हिने माझी बोटं एकदा नीट लावून दिली. हिचे हात गरम होते. मी एवढंच लक्षात ठेवायचं ठरवलं.

"किती मिनिटं?" असं ओठांवर आलं होतं. गिळून टाकलं.

ही उठून दुसऱ्या कामाला लागली. मी खुर्चीवर, मांडीवर ग्रंथ, दोन्ही हातांत त्याचा कणा. खांदे भरून आले. लेक एकदा डोकावून गेली. जावई म्हणाला, मी धरू का? मी नको म्हणून मान हलवली. मी आहे हे ही विसरली असावी असं वाटलं, पण आठवण करून द्यायची नाही असं ठरवून बसलो. पुस्तक धरून इतका वेळ बसायची माझी पहिलीच वेळ. हिचं हे रोजचं होतं, त्या खोलीत, एकटीचं.

दिवे लागले तेव्हा ही हात पुसत आली. माझ्याकडे बघून थबकली.

"अहो, अजून धरूनच बसलात?" ही म्हणाली. "सोडा आता. ते केव्हाच वाळलं."